दरवाजा एक, नियम दोन

मंत्रिमहोदय जिल्हा रुग्णालयाला भेट देणार असल्याचे कळले, की दोन दिवस आधीपासूनच तेथील वातावरण पालटू लागते. फरश्या धुतल्या जातात, चादरी बदलल्या जातात, महिनोन् महिने बंद असलेले दिवे लागतात आणि एरवी व्हरांड्यात सतरंजीवर पडून राहणाऱ्या रुग्णालाही कोठून तरी खाट उपलब्ध होते. मंत्र्यांच्या गाडीमागोमाग वार्ताहरांच्या आणि छायाचित्रकारांच्या गाड्या आवारात शिरतात. त्यांना कोणी अडवीत नाही, कोणी परवानगीचा कागद मागत नाही. खाटेवरच्या वृद्धेची विचारपूस करणारे मंत्री दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत झळकतात आणि त्याच दिवशी सायंकाळी दूरचित्रवाणीवर दिसतात. मात्र आठवड्याभराने विरोधी पक्षाचा एखादा आमदार त्याच रुग्णालयात औषधांच्या टंचाईची शहानिशा करण्यासाठी गेला, तर फाटकावरच त्याला नियमांची उजळणी ऐकावी लागते. वरिष्ठांची लेखी परवानगी हवी, रुग्णांच्या खासगीपणाला बाध येईल, जंतुसंसर्गाचा धोका आहे, शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवेल. ही कारणे खोटी असतात असे मुळीच नव्हे. ती आठवड्यापूर्वी कोणालाच आठवली नव्हती, एवढेच.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा’ ही म्हण घरातल्या माणसांच्या तोंडी शोभून दिसते. शासनाच्या तोंडी ती शोभत नाही. रुग्णालय, शाळा, वसतिगृह, शिधावाटपाचे गोदाम या जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या आणि जनतेच्याच पैशाने चालणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या दरवाजावर सत्ताधाऱ्यांसाठी एक नियम आणि विरोधकांसाठी दुसरा नियम असेल, तर त्या संस्था सार्वजनिक उरत नाहीत. सत्तेवर असलेल्या पक्षाची ती तात्पुरती मालमत्ता होऊन बसते.

जुनी खोड

हा पक्षपात आजचा नाही आणि कोणा एका पक्षाचाही नाही. आणीबाणीच्या काळात, म्हणजे जून १९७५ ते मार्च १९७७ या अवधीत, आकाशवाणी व दूरदर्शन ही सरकारी प्रचाराची साधने कशी बनली होती, हे त्या पिढीने अनुभवले आहे. निवडणुका जाहीर झाल्यानंतरही ती सवय सुटली नाही. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जगजीवनराम व जयप्रकाश नारायण यांची सभा होती. त्याच सायंकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय चित्रपट दाखविला. लोकांनी चित्रपट सोडला आणि सभेला अलोट गर्दी केली. परंतु लोकांचा विवेक जागा होता, म्हणून सरकारचा हेतू शुद्ध होता असे म्हणता येणार नाही.

त्यानंतर आलेल्या जनता सरकारने प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका काढली. बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शन यांच्यासाठी एका स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा होण्यास १९९० हे साल उजाडले आणि तो अमलात येण्यास १९९७. दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. ती सरकारची मालमत्ता नव्हे आणि कोणा धनिकाचीही नव्हे, असा त्याचा आशय होता. प्रसार भारतीच्या स्वायत्ततेविषयी आजही शंका घेतल्या जातात आणि त्या निराधार नाहीत. तरीही निदान तत्त्व म्हणून एक गोष्ट मान्य झाली. अदृश्य असलेल्या वायुलहरी जर जनतेच्या मालकीच्या, तर डोळ्यांना दिसणारी रुग्णालयाची इमारत कोणाच्या मालकीची? या साध्या प्रश्नाचा विचार मात्र झाला नाही. लहरींवरची पकड थोडीफार सैल झाली, फाटकावरची पकड तशीच राहिली.

अलीकडच्या काही घटना पाहिल्या तर हे स्पष्ट होईल. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीचे तत्कालीन उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया हे उत्तर प्रदेशातील एका मंत्र्याने दिलेले वादविवादाचे आव्हान स्वीकारून लखनौला गेले. तेथील सरकारी शाळा पाहण्यासाठी ते निघाले असता पोलिसांनी त्यांना वाटेतच अडविले. मे २०२२ मध्ये तेलंगणात, तेलंगण राष्ट्र समितीची राजवट असताना, उस्मानिया विद्यापीठाने राहुल गांधी यांच्या नियोजित भेटीस परवानगी नाकारली. विद्यापीठाच्या आवारात राजकीय कार्यक्रम होऊ नयेत असा ठराव असल्याचे कारण देण्यात आले. मे २०२३ मध्ये तेच राहुल गांधी दिल्ली विद्यापीठाच्या एका वसतिगृहात जाऊन विद्यार्थ्यांसमवेत जेवले, तेव्हा ही भेट अनधिकृत असल्याची नोटीस विद्यापीठाने त्यांना धाडली. मे २०२५ मध्ये बिहारमधील दरभंगा येथे आंबेडकर वसतिगृहात विद्यार्थ्यांशी बोलण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. ते तरीही आत गेले आणि त्यांच्यावर गुन्हे नोंदविले गेले.

या घटनांत सत्तेवर असलेले पक्ष निरनिराळे आहेत. आणीबाणीत आकाशवाणी वेठीस धरणारा पक्ष आज अडविला जाणाऱ्यांत आहे. काल अडविला गेलेला पक्ष उद्या सत्तेवर आल्यास त्याच फाटकावर तोच पहारेकरी उभा करील, अशी भीती निराधार नाही. दोष व्यक्तींच्या सद्सद्विवेकाचा असता, तर माणसे बदलून तो दूर झाला असता. नियमाच्या अभावातून निर्माण झालेला दोष नियमानेच जाईल.

दोन भूमिकांची सरमिसळ

सत्ताधाऱ्यांच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. मंत्री हा खात्याचा प्रमुख आहे. रुग्णालयाची पाहणी करणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याला परवानगी कोणी द्यायची? विरोधी पक्षाच्या नेत्याकडे अशी जबाबदारी नाही. म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल.

यातील पहिला भाग निर्विवाद खरा आहे. आरोग्यमंत्र्याने रात्री-अपरात्री न कळविता रुग्णालयात जावे, औषधांचे कोठार उघडायला लावावे, हजेरीपट तपासावा, यात कोणी आडकाठी करू नये. किंबहुना असे मंत्री दुर्मीळ झाले आहेत, ही खंत आहे. परंतु पाहणी आणि प्रसिद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोठार तपासण्यासाठी छायाचित्रकार लागत नाही. हजेरीपट वाचण्यासाठी दिव्यांचा झोत लागत नाही. मंत्री ज्या क्षणी कॅमेरा सोबत घेऊन कक्षात पाऊल टाकतो, त्या क्षणी खातेप्रमुखाच्या शेजारी पक्षाचा पुढारीही येऊन उभा राहिलेला असतो. पाहणीचा अधिकार पदाचा आहे. प्रसिद्धीचा अधिकार पदाबरोबर येत नाही. तो द्यायचा असेल तर सर्वांना द्यावा लागेल आणि नाकारायचा असेल तर सर्वांनाच नाकारावा लागेल.

या सरमिसळीचे दुष्परिणाम राजकारणापुरते मर्यादित नाहीत. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील मोरबी येथे झुलता पूल कोसळून १३५ जणांचा मृत्यू झाला. पंतप्रधान जखमींना भेटायला येणार म्हणून तेथील सरकारी रुग्णालयात रातोरात रंगरंगोटी सुरू झाल्याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. शोकाकुल गावातील रुग्णालयाची यंत्रणा जखमींच्या शुश्रूषेबरोबर भिंतींच्याही शुश्रूषेत गुंतली होती. कॅमेरा येणार नसता, तर रंगाऱ्यालाही कदाचित बोलावणे गेले नसते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २०१९ मधले आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुलांना माध्यान्ह भोजनात मीठ-पोळी दिली जात असल्याचे एका स्थानिक वार्ताहराने चित्रित केले. त्याच्यावरच कट रचल्याचा गुन्हा नोंदविण्यात आला. पुढे पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले. पण मधले महिने त्याने कसे काढले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. सरकारला हवे ते दाखविणारा कॅमेरा स्वागतार्ह आणि नको ते दाखविणारा कॅमेरा गुन्हेगार, असा अलिखित दंडक येथे दिसतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, म्हणून हा प्रश्न कालबाह्य झाला असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

खाटेवरच्या माणसाचे काय?

विरोधी नेत्यांच्या भेटी नेहमी निर्मळ हेतूच्या असतात, असा दावा कोणी करणार नाही. कक्षात घोषणा देणारे कार्यकर्ते, परिचारिकेला दरडावणारे पुढारी, कण्हणाऱ्या रुग्णापुढे माईक धरणारे उत्साही वार्ताहर हे सर्व पक्षांत आढळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. महाराष्ट्र हादरला. त्यानंतर सत्ताधारी आघाडीतील एका खासदाराने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावले. औषधे का नव्हती, मनुष्यबळ का अपुरे होते, हे प्रश्न त्या दृश्याच्या गदारोळात मागे पडले. कॅमेरा हे दुधारी शस्त्र आहे, ते सत्ताधाऱ्याच्या हाती असो वा विरोधकाच्या.

म्हणूनच रुग्णाचे खासगीपण हा बहाणा मानून झिडकारता कामा नये. ती खरी मर्यादा आहे. मात्र खरी मर्यादा सर्वांना सारखीच लागू होते. रुग्णाच्या संमतीविना त्याचे चित्र घेणे अयोग्य असेल, तर ते मुख्यमंत्र्यांच्या भेटीतही अयोग्यच आहे. मंत्र्यांच्या ताफ्यातील पन्नास माणसांच्या पादत्राणांवर जंतू बसत नाहीत, असे वैद्यकशास्त्रात कोठे लिहिलेले नाही. जून २०११ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन व उपपंतप्रधान निक क्लेग हे लंडनच्या गाइज रुग्णालयात कॅमेऱ्यांसह गेले असता, चित्रीकरण करणाऱ्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या नाहीत, म्हणून एका अस्थिशल्यविशारदाने त्यांना सर्वांदेखत खडसावून कक्षाबाहेर काढले. नियम रुग्णाच्या संरक्षणासाठी असेल, तर तो पंतप्रधानांसमोरही उच्चारता आला पाहिजे, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

त्याच ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या काळासाठी सरकारने घालून दिलेली एक सूचना लक्षणीय आहे. रुग्णालयांना भेटी द्यायच्या की नाही, याचा निर्णय त्या त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने घ्यावा. मात्र भेटी द्यायच्या ठरल्या तर सेवेत खंड पडू नये आणि सर्व उमेदवारांना सारख्याच सवलती मिळाव्यात. दोनच वाक्ये, परंतु त्यांत रुग्णाचे हित आणि राजकीय समता या दोहोंची सांगड घातलेली आहे. तेथेही प्रत्यक्षात सारे आलबेल असते असे नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी लंडनच्या एका रुग्णालयात, संतापलेल्या एका पित्यासमोर, येथे वृत्तपत्रवाले नाहीत असे सांगितले, तेव्हा कॅमेरे समोरच चालू होते. परंतु नियम लेखी असला की त्याच्या उल्लंघनाकडे बोट तरी दाखविता येते.

तत्त्व आपल्याकडेही आहे

भारतात हे तत्त्व अपरिचित आहे असे नाही. १९६० च्या केरळ निवडणुकीपासून आकारास येत गेलेल्या आदर्श आचारसंहितेत १९७९ मध्ये सत्ताधारी पक्षासंबंधी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. मंत्र्यांनी सरकारी दौरा आणि निवडणूक प्रचार यांची सांगड घालू नये. मैदाने व हेलिपॅड यांवर सत्ताधारी पक्षाने मक्तेदारी सांगू नये, इतर पक्षांनाही ती त्याच अटींवर मिळावीत. विश्रामगृहे व डाक बंगले यांचाही वापर इतरांना न्याय्य रीतीने करू द्यावा, असे ही संहिता सांगते. ज्या विचाराने हेलिपॅड सर्वांचे ठरले, त्याच विचाराने रुग्णालयाचा आणि शाळेचा दरवाजाही सर्वांचा ठरतो. उणीव आहे ती दोन गोष्टींची. संहितेत या संस्थांच्या भेटींचा असा उल्लेख नाही, आणि संहिता निवडणुकीच्या काही आठवड्यांपुरतीच जागी असते. उरलेली पावणेपाच वर्षे ती निद्रिस्त असते. आणि औषधांचा तुटवडा मात्र बारमाही असतो.

न्यायालयांनीही या वाटेवर दिवा लावून ठेवलेला आहे. १९८६ मध्ये पत्रकार शीला बारसे यांना महाराष्ट्रातील तुरुंगांतल्या स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेण्याची परवानगी मिळाली होती. त्या मुलाखती ध्वनिमुद्रित करू लागताच ती काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिलेल्या निर्णयाचा आशय असा, की बंदिस्त संस्थांत काय चालते हे जाणण्यात समाजाचे हित आहे, पत्रकाराला वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून प्रवेश मिळावा, आणि मुलाखत देण्याची सक्ती कोणत्याही कैद्यावर होऊ नये. गजाआडच्या कैद्याबाबत जे तत्त्व मान्य होते, ते खुल्या रुग्णालयातील रुग्णाबाबत अमान्य करण्यास काही कारण दिसत नाही.

भरडला जातो तो कारकून

या साऱ्या प्रकरणात ज्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही, असा एक घटक आहे. तो म्हणजे फाटकाच्या आतला नोकरदार. विरोधी आमदाराला आत सोडले तर वरिष्ठांचा रोष, अडविले तर उद्या सरकार बदलल्यावर सूड. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी शासकीय कर्मचाऱ्याला पक्षीय राजकारणापासून दूर राहण्यास सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने पक्षीय राजकारण करू नये अशी अपेक्षा, त्याच मुख्याध्यापकाला, अधीक्षकाला किंवा लिपिकाला कोणत्या पक्षाचा पाहुणा आत घ्यावा, याचा निर्णय दूरध्वनीवरच्या तोंडी आदेशावरून घ्यावा लागतो. आदेश देणारा नामानिराळा राहतो. निलंबनाचा कागद मात्र खालच्याच्या हाती पडतो. लेखी, सर्वांना समान असा नियम ही विरोधी पक्षावरची मेहेरबानी नव्हे. ते या कर्मचाऱ्याचे चिलखत आहे.

असा नियम करण्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. राज्य शासनाचा एक निर्णय पुरेसा आहे. कोणत्याही लोकप्रतिनिधीने अथवा मान्यताप्राप्त पक्षाच्या प्रतिनिधीने ठरावीक मुदतीची पूर्वसूचना द्यावी, ठरावीक वेळेत व मोजक्या माणसांसह यावे. परवानगी नाकारायची असेल तर कारण चोवीस तासांत लेखी द्यावे. कॅमेऱ्याला मज्जाव असेल तर तो मंत्र्यांनाही असावा. मुभा असेल तर सर्वांना त्याच जागी, तितकाच वेळ असावी. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, तपासणीचा कक्ष आणि परीक्षा चालू असलेला वर्ग येथे कोणाचाही कॅमेरा जाऊ नये; रुग्णाचे अथवा बालकाचे चित्र त्याच्या किंवा पालकाच्या लेखी संमतीविना घेतले जाऊ नये. प्रत्येक भेटीची व प्रत्येक नकाराची नोंद अभ्यागत नोंदवहीत व्हावी, आणि माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली ती नोंदवही कोणालाही पाहता यावी. रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळांत व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. नोंदवहीवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपविता येईल.

ही सवलत केवळ विधिमंडळातील विरोधी पक्षनेत्यापुरती ठेवण्याची चूक मात्र करू नये. संसदेतील विरोधी पक्षनेत्यांचे वेतन व सवलती ठरविणारा कायदा १९७७ मध्ये झाला, हे खरे. परंतु २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता, आणि नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेतही एक दशांश जागा कोणत्याच एका विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. विरोधक जेव्हा संख्येने दुबळे असतात, तेव्हाच त्यांच्या डोळ्यांची गरज अधिक असते. सभागृहात ज्याला बोलायला पाच मिनिटे मिळतात, त्याने निदान पाहून आलेले सांगावे. ऐकीव सांगू नये. पाहायलाच मिळाले नाही, तर त्याच्याकडे आरोपाखेरीज उरते काय? विरोधक बेजबाबदार बोलतात अशी तक्रार करणाऱ्या सरकारांनी त्यांना जबाबदारीने बोलता येईल इतकी माहिती मिळू देण्याची व्यवस्थाही केली पाहिजे.

मंत्र्यांना सरकारी रुग्णालय कधी जसे आहे तसे दिसत नाही, हा या दुहेरी व्यवस्थेचा सर्वांत मोठा तोटा आहे आणि तो मंत्र्यांचाच आहे. त्यांच्यापुढे येते ती ओल्या रंगाची भिंत आणि नवी चादर. रंग वाळून पोपडे निघाल्यावर तेथे जो जातो, त्याला रुग्णालय दिसते. तो विरोधी पक्षाचा आहे म्हणून त्याला फाटकावर थांबविले, तर ते रुग्णालय कोणालाच दिसणार नाही. आणि जे कोणाला दिसत नाही, ते सुधारण्याची घाईही कोणाला होत नाही. व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेल्या माणसाला आपल्याला पाहायला कोण येतो, यापेक्षा आपल्याला कोणी पाहतो की नाही, याचीच काळजी अधिक असते. नियम करायचा तो त्याच्यासाठी.